एकाच गेमिंग संगणकावर विंडोज आणि लिनक्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातला गेमिंग संगणक तोच ठेवून त्यावर विंडोजच्या जोडीला लिनक्स आणू पाहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. संगणक गेल्या आठ-दहा वर्षांतला आहे आणि त्यावर विंडोज 10 किंवा 11 आधीपासून चालते आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

ड्युअल बूट म्हणजे नेमके काय? दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालतात का?

नाही. संगणक सुरू होताना मदरबोर्डचे फर्मवेअर (ज्याला बहुतेक लोक अजूनही बायोसच म्हणतात) स्वतःजवळच्या यादीतली एक नोंद निवडते आणि त्या नोंदीत दिलेला बूटलोडर चालवते. तो बूटलोडर एकाच प्रणालीला जागे करतो, आणि तेथून पुढे प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड असे सगळे हार्डवेअर तिच्याच ताब्यात जाते. दुसरी प्रणाली त्या वेळी डिस्कवरच्या फायलींपलीकडे काहीही नसते. प्रणाली बदलायची झाल्यास संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.

मग विंडोजमधले गेम हळू होतील का?

होणार नाहीत. जागा वाटली जाते, वेग नाही. मात्र एकच एसएसडी वाटून घेतली आणि विंडोजच्या वाट्याला आलेला भाग काठोकाठ भरला, तर त्याचा त्रास जाणवेल. पण तो दोष ड्युअल बूटचा नाही.

हल्ली लिनक्सवरही गेम चालतात असे ऐकतो. मग विंडोज ठेवायचेच कशाला?

सगळा निर्णय या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे येथे थोडे थांबणे योग्य ठरेल. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा वाइन हा प्रकल्प 1993 पासून सुरू आहे. त्याच्या आधारावर व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट 2018 मध्ये स्टीम या आपल्या गेमच्या दुकानात प्रोटॉन हे साधन आणले. प्रोटॉनमधील डीएक्सव्हीके हा भाग विंडोजच्या गेममध्ये वापरल्या जाणाऱ्या डायरेक्टएक्स या ग्राफिक्स व्यवस्थेच्या 9 ते 11 या आवृत्त्यांमधल्या सूचना, आणि व्हीकेडी3डी-प्रोटॉन हा भाग डायरेक्टएक्स 12 मधल्या सूचना, लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या ग्राफिक्स व्यवस्थेत रूपांतरित करतो. फेब्रुवारी 2022 मध्ये आलेले स्टीम डेक हे हातातले यंत्र याच पायावर उभे आहे, आणि त्याच्यामुळे या कामाला जो जोर मिळाला त्याचा लाभ घरातल्या साध्या लिनक्स संगणकालाही झाला. एकट्याने खेळायचे बहुतेक गेम आज स्टीमवर ‘इन्स्टॉल’ दाबून सरळ चालू होतात.

घोडे अडते ते ऑनलाइन स्पर्धात्मक गेममध्ये, आणि तेही चित्र दिसत नाही म्हणून नव्हे, तर खेळातली फसवेगिरी रोखणारी अँटी-चीट प्रणाली चालत नाही म्हणून. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रसिद्ध प्रणालींनी 2021 मध्येच प्रोटॉनला पाठिंबा दिला. पण तो प्रत्येक गेमच्या निर्मात्याने स्वतःहून सुरू करावा लागतो, आणि अनेक निर्माते तो करत नाहीत. फोर्टनाइट हे याचे बोलके उदाहरण आहे : ईझी अँटी-चीट ही या गेमच्याच निर्मात्या एपिक कंपनीच्या मालकीची असूनही फोर्टनाइट लिनक्सवर खेळता येत नाही. एपेक्स लेजंड्स काही काळ लिनक्सवर व्यवस्थित चालत होता. 2024 च्या अखेरीस निर्मात्यांनी तो मार्ग बंद केला. रायट कंपनीची व्हॅनगार्ड ही अँटी-चीट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, राहून काम करत असल्याने व्हॅलरंट लिनक्सवर चालत नाही, आणि 2024 मध्ये लीग ऑफ लेजंड्सलाही तीच व्हॅनगार्ड लावल्यापासून तोही त्याच रांगेत जाऊन बसला.

म्हणून काहीही इन्स्टॉल करण्याआधी, तुम्ही आणि घरातले इतर लोक खरोखर खेळता त्या गेमची यादी करा आणि प्रत्येक नाव प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर तपासा. ऑनलाइन गेमसाठी ‘आर वी अँटी-चीट येट’ या नावाची स्वतंत्र सूचीही आहे. यादीतला एकही गेम अडत नसेल, तर माझ्या मते ड्युअल बूटची यातायात करण्यापेक्षा सरळ लिनक्सवर जावे. एक-दोन गेम अडत असतील, तर तेवढ्यासाठी विंडोज ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

आणि विंडोजवर समाधानी असेन तर?

तर काही करू नका. विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही हार्डवेअरमधली सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे जुन्या संगणकाच्या मालकांना लिनक्सचा विचार करणे भाग पडले आहे. ज्यांना प्रोग्रॅमिंगसाठी लिनक्स हवे आहे, किंवा रोजच्या कामाची जागा जाहिरातींपासून आणि सक्तीच्या अपडेटपासून मोकळी हवी आहे, त्यांच्याकडेही कारण आहे. नुसत्या उत्सुकतेसाठी मात्र लिनक्स पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून पाहणे पुरते. त्यात डिस्कला हातही लागत नाही.

एकाच एसएसडीवर दोन भाग करावेत, की दुसरी एसएसडी घ्यावी?

शक्य असेल तर दुसरी एसएसडी घ्यावी, आणि हा सल्ला मी अगदी आग्रहाने देतो. एका घरात दोन चुली मांडायच्याच असतील, तर मधली भिंत पक्की असलेली बरी. प्रत्येक ड्राइव्हवर स्वतःचे ईएफआय पार्टिशन असले, म्हणजे बूटलोडर ठेवण्याची छोटीशी जागा वेगळी असली, की विंडोजचे मोठे अपडेट लिनक्सच्या फायलींना धक्का लावण्याची शक्यता खूप कमी होते, आणि लिनक्स पुसून दुसरे टाकायचे झाले तरी विंडोजवर काही परिणाम होत नाही.

मात्र ड्राइव्ह वेगळी असली म्हणजे बूटलोडरही आपोआप वेगळा राहील, असे नाही. विंडोजचा इन्स्टॉलर आणि लिनक्सचे काही इन्स्टॉलर, दोन्ही, आधीपासून असलेले ईएफआय पार्टिशन दिसले की आपला बूटलोडर तेथेच नेऊन ठेवतात. तुम्ही निवडलेली ड्राइव्ह दुसरी असली तरी ते हेच करतात. पुढे कधी पहिली ड्राइव्ह काढली, तर दुसरीवरची प्रणाली शाबूत असूनही सुरू होत नाही, आणि याचा उलगडा होईपर्यंत एखादी संध्याकाळ जाते. यावर उपाय साधा आहे : लिनक्स इन्स्टॉल करताना विंडोजची ड्राइव्ह मदरबोर्डवरून काढून ठेवावी, किंवा फर्मवेअरमध्ये तो स्लॉट तात्पुरता बंद करण्याची सोय असल्यास तो बंद करावा. काम झाल्यावर ड्राइव्ह परत लावली, की संगणक सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबून हवी ती प्रणाली निवडता येते. ही कळ एसूसच्या मदरबोर्डवर सहसा एफ8, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ11, तर गिगाबाइटवर एफ12 असते. जी प्रणाली अधिक वापरता तिची ड्राइव्ह क्रमात पहिली ठेवली, की ही कळ रोज दाबावी लागत नाही.

माझ्याकडे एकच ड्राइव्ह आहे आणि दुसरीसाठी स्लॉट नाही. काय करावे?

तरीही जमते, फक्त काळजी अधिक घ्यावी लागते. विंडोजचे पार्टिशन नेहमी विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करावे. तेथे कधी असे दिसते, की दोनशे गीगाबाइट मोकळे असूनही संगणक पंधरा-वीसच द्यायला तयार आहे. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि सिस्टीम रिस्टोअरचे बिंदू यांसारख्या न हलणाऱ्या फायली पार्टिशनच्या मध्यभागी बसलेल्या असल्याने हे होते. त्या सोयी तात्पुरत्या बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून प्रयत्न केला, की बहुधा जागा सुटते.

मिळालेली जागा रिकामीच ठेवावी, तिला विंडोजमधून फॉरमॅट करू नये. लिनक्सचा इन्स्टॉलर ती स्वतः वापरतो. विंडोजने बनवलेले ईएफआय पार्टिशन बहुतेक वेळा 100 मेगाबाइटचेच असते. ग्रब हा बूटलोडर वापरणाऱ्या डिस्ट्रोंना (लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार संचांना) तेवढे पुरते, कारण ग्रब तेथे फार थोडे ठेवतो. पण कर्नलही तेथेच ठेवणाऱ्या व्यवस्थांना ते अपुरे पडते. अशा वेळी रिकाम्या जागेत वेगळे पार्टिशन करावे. विंडोजचे पार्टिशन ताणून मोठे करण्याच्या फंदात पडू नये.

आधी कोणती प्रणाली इन्स्टॉल करावी?

आधी विंडोज, नंतर लिनक्स. लिनक्सचा इन्स्टॉलर विंडोजची दखल घेतो. विंडोजचा इन्स्टॉलर लिनक्सची घेत नाही.

लिनक्स टाकण्यापूर्वी विंडोजमध्ये काय तयारी करावी?

सर्वांत आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यावी. ती संगणकातल्याच दुसऱ्या पार्टिशनवर असेल तर तिला प्रत म्हणू नये.

त्यानंतर बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हवरची माहिती कुलूपबंद करणारे विंडोजचे एन्क्रिप्शन, तपासावे. विंडोज 11 च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये, विशेषतः 24एच2 पासून, नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की ड्राइव्हचे एन्क्रिप्शन अनेकदा आपोआप सुरू होते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. पुढे बूटची मांडणी किंवा सिक्युअर बूटची (फक्त स्वाक्षरी केलेलाच बूटलोडर चालू देणाऱ्या फर्मवेअरमधल्या सोयीची) स्थिती बदलली, की एके दिवशी निळ्या पडद्यावर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. पण ते खाते कोणत्या ईमेलने उघडले होते हे त्याच क्षणी आठवत नाही. म्हणून ती की आधीच कागदावर लिहून ठेवावी.

तिसरी गोष्ट म्हणजे फास्ट स्टार्टअप बंद करणे. ते सुरू असताना ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची स्थिती डिस्कवर लिहून ते अर्धवट झोपलेले राहते, आणि त्याच्या पार्टिशनवर ‘वापरात आहे’ अशी खूण तशीच राहते. लिनक्समधून असे पार्टिशन उघडले तर ते फक्त वाचता येते किंवा उघडतच नाही, आणि जबरदस्तीने लिहिले तर फायली बिघडू शकतात. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवरच्या बटणांविषयीच्या पानावर हा पर्याय सापडतो. विंडोजचे एखादे मोठे अपडेट तो पुन्हा सुरू करून ठेवू शकते, म्हणून अधूनमधून पाहत जावे.

लिनक्सच्या इन्स्टॉलरला ड्राइव्हच दिसत नसेल, तर फर्मवेअरमध्ये स्टोरेज ‘रेड’ किंवा ‘इंटेल आरएसटी’वर आहे का ते पाहावे. ते एएचसीआय या साध्या पद्धतीवर आणावे लागते. पण थेट बदलल्यास विंडोज सुरू होत नाही. त्यासाठी आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सूचना द्यावी, मग फर्मवेअरमध्ये बदल करावा, आणि विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडल्यावर ती सूचना काढून टाकावी.

सिक्युअर बूट बंद करावे लागते का?

पूर्वी सर्रास तसे सांगितले जाई, पण आता तो सल्ला जुना झाला. उबुंटू, फेडोरा, डेबियन आणि ओपनसुसे यांच्याकडे मायक्रोसॉफ्टने स्वाक्षरी केलेला ‘शिम’ नावाचा छोटा बूटलोडर असतो, त्यामुळे या डिस्ट्रो सिक्युअर बूट सुरू असतानाही चालतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बाहेरून इन्स्टॉल करताना मात्र एक जास्तीची पायरी येऊ शकते : इन्स्टॉलर तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या बूटच्या वेळी निळ्या पडद्यावर ड्रायव्हरच्या स्वाक्षरीची की नोंदवण्याविषयी विचारले जाते. हा पडदा पाहून अनेकजण गडबडून ‘कंटिन्यू बूट’ निवडतात, की नोंदवायची राहून जाते आणि मग ड्रायव्हर लोड होत नाही. तेथे ‘एन्रोल’ हाच पर्याय निवडायचा असतो.

दुसरीकडे, गेमच आता सिक्युअर बूट मागू लागले आहेत. विंडोज 11 वर व्हॅलरंटला सिक्युअर बूट आणि टीपीएम 2.0 दोन्ही लागतात, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या बॅटलफिल्ड 6 लाही सिक्युअर बूट लागते. असे गेम खेळणाऱ्याने सिक्युअर बूट सुरू ठेवूनच चालणारी डिस्ट्रो निवडावी. आर्च लिनक्स निवडल्यास स्वतःच्या की तयार करून फर्मवेअरमध्ये नोंदवाव्या लागतात. ते अशक्य नाही, पण नवख्याने सुरुवात तेथून करू नये. लिनक्ससाठी बंद आणि गेमसाठी सुरू, असे प्रत्येक वेळी फर्मवेअरमध्ये जाऊन करण्याला काही अर्थ नाही, आणि बिटलॉकर सुरू असेल तर ते डोकेदुखीला निमंत्रण आहे.

विंडोज अपडेटमुळे लिनक्स बंद पडते, ही भीती खरी आहे का?

थोडी खरी आहे. 13 ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटने जुन्या, असुरक्षित शिमना रोखणारी यादी फर्मवेअरमध्ये लिहिली. ड्युअल बूट असलेल्या संगणकांना हे अपडेट लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते, पण काही संगणकांवर ड्युअल बूट ओळखलेच गेले नाही आणि लिनक्स सुरू होताना सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याचा संदेश येऊन संगणक बंद होऊ लागला. मे 2025 मधील अपडेटमध्ये हा दोष दूर केल्याचे कंपनीने जाहीर केले. वेगळी ड्राइव्ह असूनही हा फटका बसू शकत होता, कारण ती यादी डिस्कवर नसून मदरबोर्डवर असते. यातून घेण्यासारखी एकच काळजी म्हणजे लिनक्सही नियमित अपडेट करत राहणे. महिनोन्महिने न उघडलेल्या लिनक्समध्ये जुना शिम तसाच पडून राहतो.

अधिक वेळा घडणारी गोष्ट याहून साधी आहे : अपडेटनंतर फर्मवेअरच्या यादीत विंडोज पहिले येते आणि लिनक्स गायब झाल्यासारखे वाटते. बूटचा क्रम बदलला की ते जागच्या जागी असते. उलट, ग्रबच्या यादीत विंडोज दिसत नसेल, तर 2021 मधील ग्रब 2.06 पासून इतर प्रणाली शोधण्याची सोय मूळ स्वरूपात बंद ठेवलेली असते. ती ग्रबच्या सेटिंगमध्ये सुरू करून यादी पुन्हा तयार करावी लागते.

गेमिंगसाठी कोणती डिस्ट्रो घ्यावी?

यावरचे वाद कधी संपणार नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. लिनक्स मिंट आणि फेडोरा या दोन्ही शांतपणे चालणाऱ्या, सर्वसाधारण कामाच्या डिस्ट्रो आहेत. फेडोराच्या पायावर उभी असलेली बॅझाइट गेमिंगची तयारी करूनच येते आणि तिचा मूळ भाग वापरणाऱ्याच्या हातून सहज बिघडत नाही. तिच्यासाठी मात्र वेगळी ड्राइव्हच असावी. अगदी नवे ग्राफिक्स कार्ड असेल तर नवे कर्नल लवकर देणारी डिस्ट्रो घ्यावी.

एएमडी आणि एनव्हिडिया यांत फरक पडतो का?

पडतो. एएमडीचा ड्रायव्हर कर्नल आणि मेसा हा खुला ग्राफिक्स संच यांच्यासोबतच येतो, वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही. एएमडीच्या कार्डाला टीव्ही जोडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : एचडीएमआय 2.1 चा खुल्या ड्रायव्हरमध्ये समावेश करण्याला एचडीएमआय फोरमने 2024 मध्ये परवानगी नाकारली होती, त्यामुळे शक्य तेथे डिस्प्लेपोर्ट वापरणे श्रेयस्कर. एनव्हिडियाचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो आणि डायरेक्टएक्स 12 चे काही गेम त्यावर विंडोजपेक्षा हळू चालतात. जीटीएक्स 900 आणि 1000 मालिकेतील कार्डांसाठी ड्रायव्हरची 580 ही शेवटची शाखा आहे. नवी शाखा त्यांवर चालणार नाही.

शंभर गीगाबाइटचा गेम दोनदा डाउनलोड करायचा का? एकच फोल्डर दोन्हीकडे वापरता येत नाही का?

वापरता येते, पण मी ते सुचवत नाही. लिनक्स विंडोजचे एनटीएफएस पद्धतीचे पार्टिशन वाचते आणि त्यावर लिहितेही. ऑक्टोबर 2021 मधील कर्नल 5.15 पासून त्यासाठीचा नवा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी विंडोजसारखी एक फोल्डररचना उभारते आणि तिच्यात ‘सी’ अक्षरापुढे अपूर्णविराम असलेल्या नावाचा दुवा असतो. विंडोजच्या नियमांत फायलीच्या नावात अपूर्णविराम चालत नाही. मग विंडोज कधीतरी डिस्क तपासणी चालवते, ते नाव चुकीचे ठरवते आणि दुरुस्तीच्या नावाखाली मोडतोड करते. एक्सफॅट ही दुसरी फाइल पद्धत वापरून हा प्रश्न सुटत नाही, कारण त्यात असे दुवे तयारच करता येत नाहीत. प्रोटॉनच्या या रचना असलेले ‘कॉम्पॅटडेटा’ हे फोल्डर लिनक्सच्या पार्टिशनवर ठेवून त्याकडे दुवा देण्याची युक्ती आहे आणि ती बऱ्याच जणांना उपयोगी पडते; तरीही एखादा गेम विनाकारण सुरू होईनासा झाला की पहिला संशय तिच्यावरच जातो.

अँटी-चीट असलेले गेम विंडोजवर आणि बाकीचे लिनक्सवर अशी वाटणी केली, तर एकच गेम दोन्हीकडे लागण्याची वेळ फारशी येत नाही. डाउनलोड मर्यादित असेल तर गेमच्या फायली एकदा कॉपी करून नेता येतात. स्टीम त्या तपासून घेते. ज्या गेमची लिनक्स आवृत्ती वेगळी आहे त्यांच्या बाबतीत मात्र याचा उपयोग नाही.

सेव्ह केलेली प्रगती दोन्हीकडे मिळेल का?

स्टीम क्लाउड असलेल्या गेममध्ये सहसा मिळते. अट इतकीच, की खेळ संपवल्यावर स्टीमला सिंक पूर्ण करू द्यावे आणि मगच संगणक पुन्हा सुरू करावा. घाई केली तर दुसऱ्या बाजूला ‘कोणती प्रत ठेवू’ असा प्रश्न येतो. तेथे तारीख आणि वेळ वाचूनच उत्तर द्यावे. क्लाउड नसलेल्या गेमच्या फायली विंडोजमध्ये बहुधा ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘ॲपडेटा’मध्ये असतात, तर प्रोटॉनमध्ये त्या गेमच्या क्रमांकाच्या फोल्डरात, ‘स्टीमयूजर’ या वापरकर्त्याखाली सापडतात. हाताने कॉपी करण्यापूर्वी जुनी प्रत बाजूला ठेवावी.

विंडोजमध्ये परत आल्यावर घड्याळ चुकीची वेळ का दाखवते?

मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स जागतिक वेळ. त्यामुळे तुमच्या स्थानिक वेळेत आणि जागतिक वेळेत जेवढा फरक असेल, नेमके तेवढेच घड्याळ पुढेमागे होते. दोघांपैकी एकाचा नियम बदलावा, दोघांचा नव्हे. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणे सोपे आहे. विंडोजला रजिस्ट्रीतून जागतिक वेळ पाळायला लावणे अधिक नेटके आहे.

ब्लूटूथ कंट्रोलर दर वेळी पुन्हा जोडावा लागतो. तो बिघडला आहे का?

नाही. जोडणीच्या वेळी संगणक आणि कंट्रोलर यांच्यात एक गुप्त की ठरते. ब्लूटूथ अडॅप्टर तोच असल्याने कंट्रोलरला दोन्ही प्रणाली एकच संगणक वाटतात. लिनक्समध्ये नवी की ठरली की विंडोजजवळची जुनी निरुपयोगी होते. एका प्रणालीतली की दुसरीत नेऊन ठेवता येते, पण केबलने किंवा कंट्रोलरसोबतच्या स्वतंत्र वायरलेस डोंगलने खेळणे हा कमी कटकटीचा मार्ग आहे.

त्यापेक्षा लिनक्समध्येच व्हर्च्युअल मशीन (संगणकातला आभासी संगणक) करून विंडोज चालवले तर?

ऑफिसच्या कामासाठी ते उत्तम आहे. गेमसाठी मात्र एक ग्राफिक्स कार्ड त्या मशीनच्या स्वाधीन करावे लागते, आणि एवढे करूनही व्हॅनगार्डसारख्या अँटी-चीट व्हर्च्युअल मशीनला दारातच अडवतात. म्हणजे ज्या गेमसाठी विंडोज हवे होते तेच अडकतात. अँटी-चीटला चकवण्याच्या युक्त्या वापरल्यास खात्यावर बंदी येऊ शकते.

काही महिन्यांनी लिनक्स नको वाटले तर ते कसे काढावे?

आधी फर्मवेअरमध्ये विंडोजची नोंद पहिली ठेवावी आणि संगणक ग्रबच्या मध्यस्थीशिवाय थेट विंडोजमध्ये सुरू होतो याची खात्री करावी. वेगळी ड्राइव्ह असेल तर ती तेवढी फॉरमॅट करावी. एकच ड्राइव्ह असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सची पार्टिशन पुसून विंडोजचे पार्टिशन वाढवावे. ते वाढवण्यासाठी मोकळी जागा त्याच्या लगेच उजवीकडे असावी लागते, आणि मध्ये विंडोजचे रिकव्हरी पार्टिशन आडवे आले तर पार्टिशन हलवणारे वेगळे साधन वापरावे लागते. ईएफआय पार्टिशन मात्र पुसू नये, कारण विंडोजचा बूटलोडरही तेथेच असतो. लिनक्सचे नाव फर्मवेअरच्या यादीत त्यानंतरही काही काळ दिसत राहील. त्याने काही बिघडत नाही.